अर्धा इंच पुढे

खडू चोवीसवर थांबायचा, तो साडेचोवीसवर जाऊन थांबला. झालं ते एवढंच. काळं कापड, त्यावर पांढरी रेघ, शेजारी पिवळी टेप, टेपेवर चोवीसचा आकडा चांगला ठळक. आणि रेघ मात्र ओळख असूनही रस्त्यात न थांबणाऱ्या माणसासारखी त्या आकड्यावरून पुढे निघून गेलेली. मास्तरांनी रेघेकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, मग दुकानात कुणी पाहिलं का ते पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. मशीनवरचे चौघे कारागीर माना खाली घालून टाके पळवत होते आणि मालक पुढे काउंटरवर एका गिऱ्हाइकाला त्याचं पोट मुळीच सुटलेलं नाही असं पटवत होते. मास्तरांनी अंगठ्याने रेघ पुसली, टेप पुन्हा लावली, पुन्हा खडू सोडला. साडेचोवीस. त्याच जागी. चूक करायचीच तर माणूस निदान वेगवेगळी करतो; ही चूक मात्र इतकी नेमकी होती की मास्तरांना भीती वाटायच्या आधी तिच्याबद्दल कुतूहलच वाटलं.

आता इथे सांगायला हवं की अर्धा इंच म्हणजे फार नाही असं वाटणाऱ्याने आयुष्यात कोट शिवून घेतलेला नसतो. मास्तर या दुकानातले कटर; एकतीस वर्षं एकाच टेबलाशी उभे राहून त्यांनी टेबलाची कड पोटाच्या आकाराची झिजवली होती. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले त्याच्या तालमीतला माणूस कापडावर आधी टिंब करून ठेवत नसे. टेप लावायची, आकड्यावर नजर ठेवायची, खडू सोडायचा. नजर जिथे आहे तिथे हात थांबला पाहिजे. टिंब करून मग तिथपर्यंत रेघ नेणाऱ्या कटरला उस्ताद ‘पोस्टमन’ म्हणायचा, कारण पत्ता लिहून दिल्याशिवाय त्याला घर सापडत नाही. मास्तर पोस्टमन नव्हते. एकतीस वर्षांत त्यांनी टिंब केलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नसली तरी दुकानात ती सगळ्यांना ठाऊक राहील याची काळजी घेतली होती. त्यांच्याकडे मापांची एक लांबट वही असायची. गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही तिच्यात असायचीच. पण आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात आणखीही नोंदी असत. ‘उजवा खांदा पाव खाली. श्वास रोखून उभा राहतो.’ ‘पोट दीड इंच खोटं.’ ‘बायको बरोबर असली की उंच होतो.’ माणूस कसा वाकडा आहे हे एकदा कळलं की त्याला सरळ दाखवता येतं, हा त्यांचा धंदा. स्वतःचं माप मात्र त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आणि आता पुसलेल्या रेघेची धूसर पांढरी सावली कापडावर तशीच राहिलेली बघताना त्यांच्या मनात आलं, या वहीत आपली नोंद करायची वेळ आली तर काय लिहू? ‘उजवा हात अर्धा इंच पुढे.’ कारण? कारणाच्या रकान्यात काय?

डोकं आठ दिवस दुखत होतं. कोरडा खोकला होता, पण तो खडूचा आणि कापडाच्या तंतूंचा असणार. कटरला खोकला नसला तर तो काम करत नाही असं समजावं. पहाटे अंग तापायचं आणि कामावर येईपर्यंत उतरल्यासारखं वाटायचं. घरात औषधाची एक बाटली होती ती कशाची होती ते लेबल गेल्यामुळे कळत नव्हतं. मास्तर तीच घेत होते. घरात दुसरं विचारायला कोण? घरात काका होते.

काका म्हणजे काकाकुवा. पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, काळी आकड्यासारखी चोच. अकरा वर्षांपूर्वी बोटीवरून निवृत्त झालेला एक कप्तान कोट शिवायला दुकानात आला तो त्यांना खांद्यावर घेऊनच. माप घेताना त्याने पक्ष्याला ‘काका, जरा सरका’ असं म्हटलं आणि तेव्हापासून दुकानभर ‘काका आले’, ‘काका बसले’, ‘काका रागावले’ असंच चाललं. कप्तानाला पंधरा दिवसांसाठी भावाकडे जायचं होतं, तेवढे दिवस काकांना कोण ठेवून घेईल? एकटा माणूस म्हणून सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. पंधरा दिवसांनी कप्तानाचं पत्र आलं: ‘काकांना तिथे करमत असेल तर राहू द्यावे.’ करमत होतं. आणि एकदा ज्याला अहोजाहो केलं त्याला मागाहून अरेतुरे कसं करणार? कुवा गळून गेला, काका राहिले. मास्तरांची ताई, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, म्हणायचीच, “लोकांना चाळिशीत अक्कल येते, तुला काका आले.” या जातीच्या पक्ष्याच्या अंगातून सतत एक मऊ पांढरी पूड झडत असते, हे मास्तरांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पंख झटकले की उन्हाच्या तिरिपेत पिठाचा ढग उठावा तसं व्हायचं. काळ्या कपाटावर बोट फिरवलं की रेघ उठायची. दुकानातही पांढरी धूळ, घरातही पांढरी धूळ. त्यांना त्यात एक प्रकारचं सातत्य वाटायचं. यंदा इमारतीची डागडुजी निघाली, गॅलरीसमोर परांच्या बांधल्या गेल्या, दिवसभर ठोकाठोक. काका बिथरले, स्वतःची पिसं उपटायला लागले. म्हणून त्यांचा दांडा आत, मास्तरांच्या उशाशी आला. रोज सकाळी मास्तर खालची वाळलेली घाण कोरड्या झाडूने झाडायचे आणि उशी झटकायचे. झटकताना खोल श्वास घ्यायची त्यांची सवय होती. व्यायाम म्हणून.

रेघेच्या तिसऱ्या दिवशी दुकानाच्या उंबऱ्यावर त्यांचा पाय पुढच्या पायरीऐवजी तिच्या पलीकडे पडला. पडले ते मालकांच्या अंगावर, त्यामुळे लागलं मालकांना. हात लावल्यावर कळलं की मास्तर इस्त्रीसारखे तापलेत. तासाभरात ते इस्पितळात होते, आणि एक तरुण डॉक्टरीणबाई त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या, पुन्हा बघत होत्या, आणि मग दुसरं मनगट धरून बघत होत्या. मास्तरांनी तापातही सवयीने माप घेतलं: छाती तेहतीस, डावा खांदा पर्सच्या पट्ट्याने दबलेला, झोप कमी. “ताप एकशे तीन,” त्या म्हणाल्या, “आणि नाडी अडुसष्ट. एवढ्या तापाला नाडी धावत सुटायला हवी. ही संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखी चाललीय.” मास्तरांना वाटलं आपण काहीतरी उद्धटपणा केलाय. “सॉरी,” ते म्हणाले. छातीचा फोटो निघाला, त्यात खाली पांढरा डाग होता. त्या डागाकडे बघताना मास्तरांना अंगठ्याने पुसलेला खडू आठवला. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली, मांडीवर कागद घेतला.

“घरी कोण कोण असतं?”

“मी आणि काका.”

“काकांचं वय?”

“नक्की नाही सांगता येणार. पस्तीस-चाळीस असेल.”

बाईंनी मान वर केली. “आणि तुमचं त्रेपन्न.”

“हो.”

“असतं असं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “माझा एक मामा माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तब्येत कशी आहे काकांची?”

“जरा मलूल आहेत. पंधरा दिवस झाले. खाणं कमी झालंय.”

“खोकला?”

“खोकतात अधूनमधून. पण ती माझी नक्कल असावी.”

बाई लिहायच्या थांबल्या, मग काहीतरी समजल्यासारखी मान हलवून पुन्हा लिहू लागल्या. “शौचाला?”

“पातळ. हिरवट.”

“बाहेर जातात?”

“अकरा वर्षांत नाही.”

“बोलतात?”

“सकाळी फार. अर्थ लागेलच असं नाही. मध्येच शिट्टी मारतात.”

“आणि त्यांचं सगळं कोण करतं?”

“मीच. खाणं-पिणं, अंघोळ, खालचं साफ करणं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नजरेत अचानक असा काही आदर आला की मास्तरांना संकोचल्यासारखं झालं. “हल्ली कोण करतं हो एवढं?”

“त्यात काय. त्यांचाही माझ्यावर जीव आहे.”

“कुत्रं, मांजर काही पाळलंय का घरात?”

“छे. काकांना चालणार नाही.”

हा प्रश्न त्यांनी अगदी प्रामाणिकपणे निकालात काढला. पाळीव प्राणी म्हणजे ज्याला आपण पाळतो तो. काकांच्या बाबतीत कोण कुणाला पाळत होतं याचा त्यांना अकरा वर्षांत अंदाज आलेला नव्हता.

बाईंनी क्षयाची शंका लिहिली आणि नेहमीचं औषध सुरू केलं. औषधाने काही झालं नाही. ताप तसाच, नाडी तशीच संथ, आणि हात आता अर्ध्या इंचावर समाधान मानेना. दुसऱ्या दिवशी बाई समोर उभ्या राहिल्या, स्वतःचं बोट हवेत धरलं आणि म्हणाल्या, माझ्या बोटाला तुमचं बोट लावा, मग तुमच्या नाकाला. मास्तरांचं बोट बाईंच्या बोटाला ओलांडून त्यांच्या चष्म्याच्या काडीला जाऊन टेकलं. परत येताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यात बोट घातलं. डावा हात बरा होता. “पुन्हा,” बाई म्हणाल्या. पुन्हा तेच. उजव्या हाताची ही भटकंती मास्तर पाहुण्यासारखी बघत होते. डोळे मोजत होते: जाताना दीड इंच, येताना पाऊण. जवळ आलं की कमी चुकतं. का? आणि मग जीभही त्याच वाटेने गेली. शब्द कच्च्या टाक्यांनी जोडल्यासारखे सुटे सुटे पडायला लागले, प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाचं, मधे सारखीच फट. शेजारच्या खाटेवर एक बसचालक होता, पाय मोडलेला, तोंड मात्र शाबूत. तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही अगदी राघूसारखं बोलायला लागलात. पेरू आणू का?” मास्तर हसले. हसूसुद्धा जरा लांबपर्यंत गेलं.

मालक भेटायला आले ते याच दिवशी. खाटेच्या कडेला बसून त्यांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या ज्या सांगायच्या नव्हत्या, मग जी सांगायची होती ती सांगितली: पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानातला एक कटर तात्पुरता घेतलाय. “तुम्ही बरे होईपर्यंतच हो. अगदीच तात्पुरता.” मालक तात्पुरता हा शब्द कसा वापरतात हे मास्तरांना माहीत होतं, दुकानातला पंखा नऊ वर्षांपूर्वी तात्पुरता बसवलेला होता. “टिंब करतो?” त्यांनी विचारलं. “करतो बुवा,” मालक म्हणाले, “पण कोट होतो.” आणि इथे मास्तरांच्या तोंडून ते गेलं. एकतीस वर्षं जे दातांच्या आत होतं ते एकेक अक्षर करून बाहेर पडलं. “मा-लक. तुम-चा डा-वा खां-दा पाऊ-ण इंच खा-ली आहे. मी आत का-पूस भर-तो.” मालक उठले आणि दाराशी हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर बराच वेळ उभे राहिले, एकदा असे, एकदा तसे. मास्तरांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. जे हाताचं तेच जिभेचं. दोघांनाही कुणीतरी आतून ‘बस’ म्हणायचं, आणि तो म्हणणारा रजेवर गेला होता.

काकांची तपासणी करायची म्हणून बाईंनी एका आरोग्यसेविकेला थुंकीच्या तीन डब्या घेऊन घरी पाठवलं. ताई तेव्हा काकांना दाणे घालायला गेलेली. ती दुपारी इस्पितळात आली ती पदराने डोळे पुसत. मास्तरांना वाटलं संपलं सगळं, पण ती हसत होती. “अरे, दारात उभी. तोंडाला फडकं, हातात डब्या. काका कुठे आहेत? मी म्हटलं आत, कपाटावर. म्हणाली, कपाटावर? म्हटलं सकाळचे तिथेच बसतात. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली, त्यांना उतरवा, या डबीत थुंकायचंय. म्हटलं बाई, तुम्हीच सांगून बघा, माझं ते ऐकत नाहीत.”

“मग?”

“मग काय, आत गेली आणि न बघताच सुरू. मोठ्याने, सावकाश, म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. काका, खोल श्वास घ्या! तुझ्या काकांनी तुरा उभारला, खाली उतरले, तिच्या हातातून डबी घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचे चार तुकडे केले. वर खोकून दाखवलं. अगदी तुझ्यासारखं.”

बसचालक मोडका पाय सांभाळत हसायला लागला, त्याच्या पलीकडचा हसायला लागला. डॉक्टरीणबाई दोन खाटा सोडून कुणाचा तरी दाब बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या हातातलं सगळं तिथेच टाकून आल्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “म्हणजे कोण?”

मास्तरांनी तोंड उघडलं. अकरा वर्षांत तो शब्द त्यांनी पुरा उच्चारला नव्हता. आता जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. प्रत्येक अक्षर वेगळं, स्पष्ट, टेबलावर एकेक बटण ठेवावं तसं. “का. का. कु. वा.”

बाईंनी कागद काढला आणि पहिल्या दिवशीची ‘घरी: एक अंथरुणाला खिळलेले काका’ ही ओळ अशी काही खोडली की कागद फाटला. त्या चिडलेल्या होत्या, पण नक्की कुणावर ते त्यांनाही ठरवता येत नसावं. “तुम्हाला विचारलं होतं ना मी? कुत्रं, मांजर!” “पक्षी नाही विचारलंत,” ताई म्हणाली, “आणि काकांना पक्षी म्हणून विचारलेलं कळलंही नसतं त्याला.” तासाभरात औषध बदललं. आजाराला सिटॅकोसिस असं काहीतरी नाव होतं. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांकडून होतो, बाई सांगत होत्या, वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून. पक्ष्यात वर्षानुवर्षं दबून बसतो. पक्षी त्रासला, जागा बदलली, की बाहेर पडायला लागतो. माणसात बहुधा छातीशी थांबतो. कधी काळजात जातो, कधी यकृतात. क्वचित डोक्यात.

“माझ्या डो-क्यात कु-ठे?”

बाईंनी स्वतःच्या मानेच्या वर, मागे हात ठेवला. “इथे. लहान मेंदू. हात उचलायला, पुढे न्यायला दुसरी माणसं आहेत. कुठे थांबवायचा ते हा बघतो.”

मास्तर यावर दोन दिवस विचार करत पडून होते. ताप उतरला, नाडी उलट जराशी वाढली, आणि बाई त्यावर खूष झाल्या; पण मास्तर त्या एका वाक्यापाशीच होते. म्हणजे थांबणं हे वेगळं काम आहे. त्याला वेगळा माणूस लागतो. त्यांना आजवर वाटत होतं की जाणं हे काम आणि ते संपलं की आपोआप उरतं ते थांबणं. तसं नव्हतं. एकतीस वर्षं चोवीसवर, साडेसतरावर, एकोणीसवर त्यांच्या मानेच्या मागे बसून कुणीतरी ‘बस’ म्हणत होतं, आणि त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. मग आणखी कुठे कुठे म्हटलं असेल त्याने? दुकानात पूर्वी काजं करायला एक बाई यायची. हात बारीक, टाका त्याहून बारीक. ती कोटाच्या काजांसाठी त्यांना विचारायला यायची, तीन की चार. आणि कोटाला तीनच असतात हे तिला चांगलं माहीत असताना ती चार वर्षं विचारत राहिली. एकदा निघताना ती म्हणाली, “मास्तर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत हातचं राखून का वागता?” काहीतरी बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं होतं. बस. तिचं पुढे लग्न झालं, दुसऱ्या गावी गेली, सुखी असेल. मास्तरांना हळहळ वाटली असं नाही. पण पांढऱ्या छताकडे बघत त्यांनी पहिल्यांदाच हिशेब मांडला: त्या दिवशी हा आजार झालेला असता तर? आणि काकांच्या अंगावरची ती पूड, दिसायला खडूसारखी, उशीवरून नाकात, नाकातून छातीत, छातीतून कुठल्या जिन्याने चढत मानेच्या मागच्या त्या एका खोलीपर्यंत गेली, तिथल्या माणसाला उठवून स्वतः त्याच्या खुर्चीवर बसली, हा प्रवास त्यांना रागावण्यापेक्षा समजून घ्यावासा वाटला.

“हात परत येईल?” जाताना त्यांनी बाईंना विचारलं. शब्द आता जोडले जात होते.

“बहुतेकांचा येतो.”

“बहुतेक म्हणजे किती?”

“मास्तर, सगळं इंचात नसतं हो.”

“माझं असतं.”

घरी आल्यावर ताईने विषय काढला. काका तेव्हा पक्ष्यांच्या डॉक्टरकडे होते. दीड महिना दाण्यात औषध घालून त्यांनाही बरं करायचं होतं. “परत आणू नकोस,” ती म्हणाली. “देऊन टाक कुणाला तरी. त्याने तुझा हात खाल्ला.” मास्तर म्हणाले, त्यांना काय माहीत. “तुला तरी काय माहीत! अकरा वर्षं एका खोलीत राहिलात, एकमेकांना काय होतंय ते दोघांनाही माहीत नाही. लग्न झालेलं बरं असतं.” मास्तरांनी निर्णय हातावर सोडला. हात आला तर काका येतील. हात नाही आला तर काकांच्या दाण्यांनाही पैसे कुठून येणार होते? आणि मग त्यांनी टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांचे कागद पसरले, टेप लावली आणि रेघा ओढायला सुरुवात केली. दिवसाला दोनशे. सव्वा इंच पुढे, एक इंच पुढे, पाऊण इंच. तीन आठवड्यांनी चूक अर्ध्या इंचावर आली आणि तिथे बसली. हलेना. कशीही ओढा, अर्धा इंच पुढे.

मालकांनी दिलेली महिन्याची मुदत संपत आली होती. पलीकडच्या दुकानातला कटर टिंब करत होता आणि कोट होत होते. मालक निरोप पाठवत होते तो फार गोड शब्दांत पाठवत होते, हे लक्षण चांगलं नव्हतं. तेव्हा मास्तरांनी जे केलं ते फक्त कटरलाच सुचलं असतं. वाकड्या खांद्याचं काय करतात? त्याला सरळ करत बसत नाहीत. वाकडं किती ते मोजतात आणि कापडात तेवढं धरतात. चोवीस हवे असतील तर नजर साडेतेवीसवर ठेवायची. हात आपला अर्धा इंच पुढे जाऊन बरोबर चोवीसवर पोचेल. ते दुकानात गेले, मालकांसमोर, त्या तात्पुरत्या कटरसमोर टेप लावली, नजर अर्धा इंच अलीकडे ठेवली आणि खडू सोडला. चोवीस. टिंब नाही. तात्पुरता कटर जवळ येऊन बघून गेला, आणि आठवडाभराने आपल्या दुकानात परत गेला.

पण मास्तरांचा जीव टांगणीला होता. बाहेरून सगळे म्हणत होते हात आला. आतून फक्त त्यांना माहीत होतं की हात आलेला नाही, त्यांनी त्याला नुसतं भरून घेतलंय. प्रत्येक रेघेला खोटं बोलायचं, आणि खोटं अर्ध्याच इंचाचं बोलायचं, पावही कमीजास्त नाही. पहिल्या आठवड्यात रेघ ओढली की ते टेप उचलायच्या आधी चोरून बघून घ्यायचे. दुसऱ्यात निम्म्या वेळा. मग सवय झाली. खोटं बोलायचं तंत्र असं की ते जमलं की तपासावंसं वाटत नाही. संध्याकाळी घरी त्यांना भीती वाटायची ती चूक होण्याची नाही. आता हे असंच, कायमचं. आपण नजर कुठे ठेवतो आणि आपलं मन कुठे पोचतं यात जन्मभर अर्धा इंच अंतर राहणार, आणि ते कुणाला सांगताही येणार नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरचा फोन दोनदा आला, काका बरे झालेत, कधी नेताय? मास्तर म्हणाले, बघतो.

आणि मग तो विमा कंपनीतला माणूस ट्रायलला आला. कच्च्या टाक्यांचा राखाडी कोट अंगात चढवून आरशासमोर उभा राहिला, हात खाली सोडले आणि म्हणाला, “हे काय?” बाह्या मनगटाच्या वरच थांबल्या होत्या. दोन्ही. मशीनं थांबली. मालक काउंटरवरून उठून आले, त्यांचा चेहरा कापडाच्या रंगाचा झाला होता. “मास्तर. बाही आखूड झालीय.”

मास्तर पुढे झाले. वहीत पंचवीस होतं. त्यांनी खांद्यापासून टेप लावली, बोटाने सरकवत खाली आणली आणि वाकून बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं. मग दुसऱ्या हाताची बाही मोजली. नजर त्यांनी नेहमीसारखी अर्धा इंच अलीकडे, साडेचोवीसवर ठेवली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

“कापड वाया गेलंय,” मालक दबक्या आवाजात म्हणाले, “आणि तुम्ही हसताय काय?”

“मालक, जरा तुम्ही बघा. माझ्या नजरेवर जाऊ नका.” मास्तरांनी टेप त्यांच्या हातात दिली. “साडेचोवीसच आहे ना? नीट बघा. पावणेपंचवीस नाही? साडेचोवीस? दोन्हीकडे?”